निर्जळ उपासात साखर नॉर्मल होती

"तुमचं रक्त आंबट झालंय," असं डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं तेव्हा द्वादशीची दुपार होती आणि मी इमर्जन्सी वॉर्डातल्या खाटेवर धापा टाकत पडलो होतो. मी पळालो नव्हतो, जिना चढलो नव्हतो. नुसता पडून होतो, तरी छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

त्यांनी माझ्या मनगटात खोल सुई घालून रक्त काढलं होतं. या तपासणीला एबीजी म्हणतात. नेहमीसारखं शिरेतून नाही, धमनीतून रक्त घेतात, आणि ते फार दुखतं. त्यावरून रक्तात आम्ल किती आहे ते कळतं. माझ्या रक्तात ते जिवावर बेतेल इतकं होतं.

"युग्लायसेमिक डायबेटिक किटोअ‍ॅसिडोसिस," त्या म्हणाल्या. मग सरोजाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, चेहरा बघून त्यांनी तमिळमध्ये समजावून सांगितलं. मधुमेहात शरीराला साखर वापरता आली नाही की ते चरबी जाळायला लागतं. त्यातून कीटोन नावाची आम्लं तयार होतात आणि रक्तात साठतात. एरवी असं झालं तर साखर खूप वाढलेली असते, त्यामुळे घरच्यांना लगेच संशय येतो. 'युग्लायसेमिक' म्हणजे साखर नॉर्मल दिसत असताना हेच होणं. घरात चोर शिरला आहे आणि कुत्रं भुंकत नाही, तशातला प्रकार.

सरोजाने पिशवीतून माझ्या गोळ्यांची पाकिटं काढून दाखवली. त्यातलं एक डॉक्टरीणबाईंनी उचललं.

"ही गोळी घेऊन पाण्याशिवाय उपास करायला कोणी सांगितलं?"

खाटेच्या पायथ्याशी माझा थोरला भाऊ उभा होता. अंगावर उपरणं, कपाळावर आणि दंडांवर गोपीचंदनाच्या मुद्रा. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

"उपासाने कोणी मेल्याचं मी ऐकलं नाही," अण्णा म्हणाला.

"आणखी दोन तास उशीर केला असतात तर ऐकलं असतंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याला वॉर्डाबाहेर जायला सांगितलं.

आजारपणाची हकीकत लिहिणारे लोक शेवटी सगळ्यांना क्षमा करतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी हे लिहितोय ते ज्यांच्या घरी मधुमेहाच्या गोळ्या आहेत आणि एकादशीही आहे, त्यांच्यासाठी. माझ्या मनातला राग गेलेला नाही, आणि तो लपवून लिहिलं तर तुम्हाला खरं कळणार नाही.

आम्ही तंजावूरचे मराठी, माध्व, म्हणजे मध्वाचार्यांच्या वैष्णव पंथातले. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. पुढचा भाग थोरल्या भावाचा, म्हणजे जयतीर्थ अण्णाचा. मागच्या दोन खोल्या माझ्या. माझी सगळी नोकरी त्रिचीला विम्याच्या कचेरीत गेली. रिटायर झाल्यावर मी आणि सरोजा इथे राहायला आलो. मुलगी कोइंबतूरला असते. तिला मराठी समजते, पण ती उत्तर तमिळमध्ये देते. मला देवनागरी येते ती वडिलांनी लहानपणी स्तोत्रं पाठ करून घेतली म्हणून. माझ्या लिहिण्यात कुठे जुनं वळण दिसलं तर ते आमच्या घरचं आहे.

अण्णा सरकारी कचेरीत मोठ्या जागेवर होता. तिथे लोक त्याच्यासमोर बसत नसत. रिटायर झाल्यावर कचेरी गेली, तेव्हा त्याने घराचीच कचेरी केली. कोणी किती वाजता न्हायचं, सोवळ्यात कोणी काय शिवायचं, देवाला काय चालतं आणि काय चालत नाही, सगळ्याचे हुकूम तिथूनच सुटत.

त्रिचीला असताना मीही एकादशी करायचो. दुपारी दूध, केळं, कधी दह्यातले पोहे. कोणाला त्याचं काही वाटत नसे. इथे आल्यावर अण्णाने पहिल्याच महिन्यात सांगितलं, "ते त्रिचीत. या घरात एकादशी निर्जळच होते. दूध-केळं खायचं असेल तर एकादशी म्हणू नको, फराळ म्हण."

मी मान डोलावली. भांडण नको होतं. सरोजा मात्र दर एकादशीला मागच्या खोलीत मला गुपचूप ताक द्यायची आणि मी ते प्यायचो. असं काही महिने चाललं.

त्याच सुमारास इथल्या एका शुगर सेंटरमधल्या डॉक्टरने माझ्या जुन्या गोळ्यांत एका नव्या गोळीची भर घातली. या गोळ्यांच्या गटाला एसजीएलटी-टू इनहिबिटर म्हणतात. नाव अवघड आहे, काम सोपं आहे. रक्तातली जास्तीची साखर मूत्रपिंडाकडून लघवीवाटे बाहेर टाकायची. गोळी चांगली आहे, हे आधीच सांगतो. माझी साखर कित्येक वर्षांत पहिल्यांदा ताळ्यावर आली. डॉक्टर खूश, मी खूश. या गोळीवर असताना उपाशी राहू नका, पाणी तोडू नका, हे वाक्य मात्र तिथे कोणीच उच्चारलं नाही.

मग मार्गळी महिन्यात वैकुंठ एकादशी आली. वर्षातली सगळ्यात मोठी. अण्णाने दशमीलाच जाहीर केलं की या वेळी सगळे पुढच्या हॉलमध्ये एकत्र बसतील, दिवसभर पारायण आणि भजन, बाहेरचेही लोक येतील. म्हणजे मागच्या खोलीतलं ताक बंद.

दशमीला आमच्यात एकदाच जेवतात. म्हणजे दशमीच्या दुपारपासूनच माझ्या पोटात काही नव्हतं. एकादशीला पहाटे न्हाणं, पेरुमाळच्या, म्हणजे विष्णूच्या, देवळात वैकुंठद्वारातून जाऊन येणं, तिथली ती गर्दी, मग घरी येऊन पारायण. सकाळी गोळ्या नेहमीसारख्या घेतल्या, पाण्याशिवाय, नुसत्या गिळल्या. अण्णा बघत होता. "औषधाला दोष नाही," तो म्हणाला. गोळी चालत होती, पाणी चालत नव्हतं. हा नियम कोणत्या ग्रंथात आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

दुपार उलटल्यावर मला मळमळायला लागलं. तहान अशी की जीभ टाळ्याला चिकटली. पोटात वरच्या बाजूला दुखत होतं. लघवी मात्र सारखी होत होती. ती त्या गोळीची खूण, हे आता कळतं. पाणी आत जात नव्हतं आणि आहे ते बाहेर पडत होतं.

सरोजाने साखर तपासली. घरच्या मशिनवर नॉर्मल आली. "बघ," अण्णा लोकांसमोर म्हणाला, "उपासाने साखर कशी सुतासारखी सरळ आली." लोकांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर तो आकडा बघून मलाही धीर आला.

संध्याकाळी मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि अक्षरं दिसेनाशी झाली होती. सरोजा आत जाऊन टंबलरभर पाणी घेऊन आली. मी हात पुढे केला. अण्णा पाटावरून उठला, त्याने तिच्या हातातला टंबलर घेतला आणि अंगणात जाऊन मोरीत ओतला.

"उद्या सूर्योदयाला पारणं आहे. तेवढं सोसवत नाही काय तुज?" तो मला म्हणाला. "मज बघ. तुझ्याहून सात वर्षं थोरला आहे."

"भावजी, ते मधुमेहाचे पेशंट आहेत," सरोजा म्हणाली.

"तुझ्यामुळेच तो असा झाला," अण्णा तिला म्हणाला. भजनाला आलेले लोक खाली बघत होते. त्यांत एक निवृत्त कंपाउंडर होता, एक शाळेचा हेडमास्तर होता.

द्वादशीला सकाळी पारणं झालं. अगत्तीच्या, म्हणजे हादग्याच्या, पाल्याची भाजी, आवळ्याची पचडी, भात. मी दोन घास घेतले आणि पानावरून उठून अंगणात ओकलो. पाणी प्यालो, तेही ओकलो. अण्णा म्हणाला, पित्त आहे. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनेही तेच सांगितलं. त्याने साखर बघितली, ती नॉर्मल होती, म्हणून त्याने गॅसचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं.

घरी आल्यावर माझा श्वास बदलला. खोल आणि जलद. याला कुसमॉल ब्रीदिंग म्हणतात हे नंतर कळलं. रक्तातलं आम्ल श्वासावाटे बाहेर टाकायची शरीराची ती धडपड असते. सरोजा जवळ वाकली आणि म्हणाली, "अहो, तुमच्या तोंडाला पिकलेल्या फणसासारखा वास येतोय." तो कीटोनचा वास होता. तिला कीटोन ठाऊक नव्हतं. वास बरोबर नाही एवढं तिला कळलं.

अण्णा म्हणाला, जरा झोपू दे त्याला, उठवू नको. सरोजाने त्याला विचारलं नाही. ती रस्त्यावर गेली, ऑटो थांबवला, ऑटोवाल्याला आत आणलं, आणि दोघांनी मला उचलून नेलं. हे वाचणाऱ्या बायकांना माझं एक सांगणं आहे. घरात कोणाला विचारायचं, असा प्रश्न पडला तर कोणालाच विचारू नका.

आयसीयूमधले दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. एका हाताला सलाईन, दुसऱ्याला इन्सुलिन. साखर नॉर्मल असल्यामुळे इन्सुलिनबरोबर ग्लुकोजही द्यावं लागतं. सरोजा गोंधळली, साखरेच्या माणसाला साखर का चढवताय म्हणून. नर्सने तिला समजावलं की कीटोन थांबवायला इन्सुलिन हवं आणि इन्सुलिन देता यावं म्हणून साखर हवी. दर तासाला बोट टोचायचे. पोटॅशियम पुन्हा पुन्हा बघायचे, कारण इन्सुलिनने ते खाली येतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. माझी बोटं सुजली. त्या नर्सवर मी एकदा ओरडलो. ती म्हणाली, "ओरडा सार. काल तुम्हाला ओरडायलाही येत नव्हतं."

डॉक्टरीणबाई राउंडला शिकाऊ डॉक्टरांना घेऊन यायच्या. माझ्या खाटेपाशी उभ्या राहून म्हणायच्या, "ग्रॅज्युएट आहेत. विमा विकत होते. लोकांना आयुष्याची जोखीम समजावून सांगत होते." शिकाऊ मुलं हसू दाबायची. त्यांनी माझा जीव वाचवला, त्याबद्दल मी आयुष्यभर ऋणी आहे. पण उताणा पडलेल्या माणसाला असं बोलू नये, हेही इथे नोंदवतो. लाजेने माझा आजार काही लवकर बरा होणार नव्हता.

बाहेरच्या वेटिंग हॉलमध्ये त्याहून वाईट चाललं होतं. ते मला सरोजाने नंतर सांगितलं. अण्णा रोज भेटीच्या वेळी यायचा, आत यायचा नाही. बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना सांगायचा की चीनू, म्हणजे मी, मागच्या खोलीत एकादशीला चोरून ताक प्यायचा. व्रताशी असा खेळ केला की व्रत उलटतं.

म्हणजे त्याला ताकाचं ठाऊक होतं. आणि ज्या ताकाने मी इतके महिने जिवंत राहिलो, त्या ताकानेच मला आयसीयूत घातलं, असा त्याचा हिशेब.

सरोजाने तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, "भावजी, तुम्ही उद्यापासून येऊ नका." बत्तीस वर्षांत ती त्याच्याशी मान वर करून बोलली नव्हती. तो उठला, उपरणं झटकलं आणि गेला. नातेवाईक सरोजावर रागावले. आजाऱ्याच्या भावाला कोणी असं बोलतं काय, म्हणाले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी वैनी आल्या, अण्णाची बायको. एकट्या आल्या, टाउन बसने. मला तोवर वॉर्डात हलवलं होतं. स्टीलच्या डब्यात मऊ कांजी आणली होती. मी शाळेत असताना त्या लग्न होऊन या घरात आल्या. मला त्या कायम चीनू म्हणत आल्या आहेत.

मी कांजी प्यालो. त्या बघत बसल्या. मग कमरेची छोटी पिशवी उघडून त्यांनी एक पाकीट काढलं आणि माझ्या पांघरुणावर ठेवलं.

"चीनू, तुज जी गोळी बाधली म्हणतात, ती हीच काय रे?"

तीच होती. त्याच शुगर सेंटरमधली. वैनींनाही मधुमेह होता, ही गोळी त्या दोन महिन्यांपासून घेत होत्या. आणि महिन्याच्या दोन्ही एकादश्या निर्जळ करत होत्या. चाळीस वर्षं करत आल्या होत्या. पुढची एकादशी जवळ आली होती.

मला खाटेवरून उठवेना, नाहीतर उठलो असतो. "वैनी, या एकादशीला तुम्ही पाणी प्यायचं. जेवायचं. मी अण्णाशी बोलतो."

"बघू," त्या म्हणाल्या. डबा धुऊन त्यांनी पिशवीत ठेवला आणि गेल्या.

घरी आल्यावर आधी मी शुगर सेंटरच्या डॉक्टरकडे गेलो. टोकन घेऊन बसलो, आत गेल्यावर त्याला काय झालं ते सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही उपास करता हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत," मी म्हणालो.

"रोज इतके पेशंट येतात. सगळ्यांना काय काय विचारणार?"

तंजावूरमध्ये बसून, कपाळावर विभूती लावून, तो माणूस मला विचारत होता की पेशंट उपास करतात हे त्याला कसं कळणार. मी त्याच्याकडे पुन्हा गेलो नाही.

मग अण्णा. तो पुढच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या कट्ट्यावर, पेपर वाचत बसला होता. मी उभा राहूनच बोललो. गोळीचं सगळं सांगितलं, डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. वैनींना हेच होऊ शकतं, आणि त्यांना झालं तर त्यांना ऑटोत घालायला घरात सरोजा असेलच असं नाही, हेही सांगितलं.

त्याने पेपर खाली ठेवला नाही. "तू घरी आल्यावर प्रायश्चित्त घेतलंस काय?"

"कशाचं?"

"ते तुज ठाऊक."

"अण्णा, मी वैनींबद्दल बोलतोय."

"माझ्या बायकोच्या उपासात तू तोंड घालू नको. चाळीस वर्षं ती करते. तिला कधी काही झालं नाही. तिची भक्ती तुझ्यासारखी ताकातली नाही."

मी त्याच्या हातातला पेपर काढून घेतला आणि म्हणालो, "ती मेली तर मी पोलिसात जाईन." मला थट्टा करायची नव्हती. गल्लीतल्या दोन घरांच्या खिडक्या उघडल्या. अण्णा उठून उभा राहिला. तो म्हणाला, "आजपासून तू माझा कोणी नव्हेस." मी म्हणालो, "बरं." त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

मला वाटलं होतं की उरलं सोपं आहे. वैनींना भीती अण्णाची आणि देवाची, ती दोन्ही मी काढून टाकीन. त्या गच्चीवर वडाम, म्हणजे तांदळाच्या पापड्या, वाळत घालत होत्या. मी वर गेलो, सावलीला बसलो आणि त्यांना मोठं भाषण दिलं. देव असं मागत नाही, शास्त्रातही आजाऱ्याला सूट आहे, वगैरे.

त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. हात थांबवले नाहीत.

"चीनू," त्या म्हणाल्या, "एकादशीला आपल्या घरी चूल पेटत नाही. ठाऊक आहे ना तुज?"

"ठाऊक आहे."

"बाकी सगळे दिवस मी पहाटे उठून ओल्या लुगड्याने सोवळ्यात सैपाक करते. मिक्सरचं वाटण तुझ्या अण्णाच्या देवाला चालत नाही, म्हणून पाट्यावर वाटते. सकाळी नैवेद्य, दुपारी जेवण, चार वाजता त्याच्याकडे येणाऱ्यांची कॉफी, रात्री पलहार. ताप आला तरी केलं. माझी आई गेली तेव्हा माहेरून परत आले त्या दिवशी केलं. महिन्यातून दोन दिवस मला कोणी काही रांध म्हणत नाही. त्या दोन दिवसांसाठी मी उपाशी राहते. देवाचं मज ठाऊक नाही."

मी पिठाचं भांडं त्यांच्याजवळ सरकवलं.

"आता मी पाणी प्यालें, खाल्लं, तर तुझा अण्णा काय म्हणेल? म्हणेल, खाणाऱ्यांची एकादशी नव्हे. मग पेटव चूल. तू मज जगायला सांगतोस, ते बरोबर आहे. पण माझे दोन दिवस जातील, त्याचं काय करशील?"

या आजारपणात मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ गोष्टी शिकवल्या. रक्ताचं शिकवलं, कीटोनचं शिकवलं. पण मला माझाच भाऊ, माझंच घर, त्या घरातलं मी जन्मभर जेवलेलं अन्न, हे सगळं गच्चीवर त्या दिवशी कळलं. त्या अन्नातला मोठा वाटा मीही खाल्ला होता आणि कधी विचारलं नव्हतं की हे पाट्यावर का वाटताय.

मी म्हणालो, "आपण डॉक्टरांना विचारू."

सरोजा आणि मी त्यांना घेऊन गेलो, त्याच डॉक्टरीणबाईंकडे. मी मनात धास्तावलो होतो की त्या वैनींनाही फाडून खातील. पण त्या वैनींशी वेगळ्याच बोलल्या. खुर्ची पुढे ओढली. उपास कसा करता, किती वेळ, दशमीला काय खाता, चक्कर येते का, सगळं विचारलं. वैनींनी चुलीचंही सांगितलं, तसंच, सरळ.

डॉक्टरीणबाईंनी ती गोळी बंद करून दुसरी दिली. म्हणाल्या, "अम्मा, धान्य खाऊ नका, काही हरकत नाही. पण पाणी प्यायचं, दर दोन तासांनी. दूध, केळं, ताक घ्यायचं. मळमळलं, पोटात दुखलं, धाप लागली, तर उपास तिथेच सोडायचा आणि इथे यायचं. साखर नॉर्मल आहे म्हणून घरी बसायचं नाही."

"आणि चूल?" वैनींनी विचारलं.

"चूल पेटवायची नाही. तुमच्या नवऱ्याला सांगा, डॉक्टरांनी सांगितलंय, त्या दिवशी धुराजवळ जायचं नाही."

"आमच्याकडे गॅस आहे," वैनी म्हणाल्या.

"मग गॅसजवळ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

आता तुमच्यासाठी चार शब्द. तुम्ही मधुमेहाची कोणतीही गोळी घेत असाल आणि एकादशी, प्रदोष, शिवरात्र, काहीही करत असाल, तर डॉक्टरांना आधी सांगा. ते विचारणार नाहीत. गोळी आपल्या मनाने थांबवू नका आणि आपल्या मनाने चालूही ठेवू नका. उपासाआधी कोणती गोळी किती दिवस थांबवायची, ते त्यांच्याकडून काढून घ्या. उलट्या आणि धाप असेल तर मशिनवरचा आकडा बघून समाधान मानू नका, कीटोन तपासा म्हणून हट्ट धरा. आणि तुमच्या हातातलं पाणी कोणी काढून घेतलं, तर तो माणूस कितीही मोठा असो, ते परत घ्या.

मी सरोजाचा ऋणी आहे. त्या ऑटोवाल्याचा, ज्याने नाव सांगितलं नाही. बोटं टोचणाऱ्या नर्सचा. तिखट जिभेच्या डॉक्टरीणबाईंचा. मी एकादशी सोडून दिली आहे. अण्णा देवळात सांगत फिरतो की मी नास्तिक झालो. मी देवाशी भांडलेलो नाही.

पुढची एकादशी आली. पारायण संपल्यावर वैनी हॉलमध्ये आल्या. अण्णा पाटावर होता, भजनाचे दोघेतिघे बसले होते. मी मागच्या दारात उभा होतो, गरज पडली तर आत जायच्या तयारीने. वैनींनी टंबलर भरून आणला होता. त्यांनी तो सगळ्यांसमोर, उभ्यानेच, सावकाश रिकामा केला. मग केळं सोललं.

"हे काय?" अण्णाने विचारलं.

"उपास आहे माझा," त्या म्हणाल्या. "चूल पेटणार नाही."

"पाणी पिऊन कसला उपास? हा उपास नव्हे."

"मग तुम्ही रांधा," वैनी म्हणाल्या आणि केळं खात आत गेल्या.

अण्णा उठला नाही. लोक पुन्हा खाली बघू लागले.

दुपारी मी औषध घ्यायला उठलो तेव्हा मधल्या खोलीत वैनी गार फरशीवर, हाताची उशी करून, हलकं घोरत झोपल्या होत्या. पुढच्या हॉलमध्ये अण्णा मुद्दाम आवाज चढवून स्तोत्र म्हणत होता. घरभर ऐकू येत होतं, गल्लीतही ऐकू जात असेल.

वैनींना जाग आली नाही.